आवाज नेमका कुठून येतो

शनिवार, रात्री

अखेर आज खरखरीचा माग लागला. आमच्या मोटरहोमचा, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीचा, एसी छतावर नाही. तो मागच्या टोकाला, पलंगाच्या बरोबर खाली, फरशीखालच्या कप्प्यात बसवलेला आहे. गेले काही दिवस तो सुरू झाला की घरघर व्हायची, मग पत्रा घासल्याची खरखर, आणि मधूनच पलंगाच्या फळ्या हादरायच्या. दादाचं मत ठाम होतं. "जुनं मशीन आहे, कॉम्प्रेसर बसलाय. काढून टाक आणि वर छतावर दोन नवे लाव."

मला ते मान्य नव्हतं, आणि ते नुसत्या हट्टापायी नव्हे. खालच्या एसीवर माझा मनापासून जीव आहे. त्याचं सगळं वजन खाली राहतं, गाडीची उंची वाढत नाही, आणि थंड हवा मागच्या भिंतीतल्या डक्टमधून, म्हणजे हवेच्या बंद वाटेतून, वर चढून छतातल्या जाळ्यांतून खाली येते. झोपताना डोक्यावर यंत्र गुरगुरत नाही. या रचनेचा हा मोठा फायदा. शिवाय आमच्या युनिटमध्ये थंडावा देणारा जुना आर-२२ गॅस आहे. अमेरिकेत २०२० पासून हा गॅस नव्याने तयार करणं आणि आयात करणं बंद झालं आहे, आणि गॅसचं सर्किट उघडायला प्रमाणपत्र असलेलाच तंत्रज्ञ लागतो. थंडावा अजून उत्तम येतोय, म्हणजे गॅस शाबूत आहे. असं मशीन नुसत्या आवाजासाठी भंगारात घालायचं?

म्हणून स्क्रू खोलायच्या आधी नीट ऐकायचं ठरवलं. थर्मोस्टॅट नुसत्या फॅनवर ठेवला. आतला ब्लोअर फिरला, हवा आली, खरखर नाही. म्हणजे आतली बाजू सुटली. मग कूलिंगला लावला. पहिला कॉम्प्रेसर आणि बाहेरचा फॅन एकदमच सुरू होतात, आणि त्यांच्याबरोबर खरखरही सुरू झाली. दुसरा कॉम्प्रेसर जरा वेळाने जोडीला येतो, पण त्याने आवाजात फरक पडला नाही. आता प्रश्न उरला, पहिला कॉम्प्रेसर की फॅन? दोघं एकत्र चालतात, मग वेगळे कसे करायचे?

उत्तर बंद करण्यात होतं. वीज तोडली की कॉम्प्रेसर जागच्या जागी थांबतो, फॅन मात्र काही क्षण आपल्या वेगावर फिरत राहतो. कप्प्याचं दार उघडून गुडघ्यांवर बसलो आणि दादाला आतून थर्मोस्टॅट बंद करायला सांगितलं. कॉम्प्रेसरची घुमघुम तुटली. खरखर राहिली! ती फॅनबरोबर मंदावत गेली, खर्र, खर्र, मग सुटी सुटी, आणि फॅन थांबताच थांबली. हे पुन्हा पुन्हा करून पाहिलं, दर वेळी तसंच. नंतर एसी चालू असताना, फिरत्या भागांपासून लांब राहून, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरच्या अंगाला टेकवलं आणि मूठ कानाशी धरली. आत एकसारखी, भरीव घुमघुम होती. ठोका नाही, खडखड नाही. तेच टोक फॅनच्या मोटरला टेकवलं तर बुशची, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या कड्याची, किरकिर थेट कानात आली.

दादा म्हणाला, "बरं, उद्या काढू." एवढं पुरे होतं.

रविवार, संध्याकाळ

बाहेरची वीज काढली, जनरेटर आणि इन्व्हर्टर बंद केले. युनिट एकट्याने पेलण्यातलं नाही, म्हणून गिअरबॉक्स उतरवायचा जॅक खाली लावून, बोल्ट सोडवून, सावकाश बाहेर ओढलं. वीज तोडली तरी कपॅसिटर चार्ज धरून ठेवतो, तेव्हा हात घालायच्या आधी रेझिस्टर लावून तो रिकामा केला आणि मीटरने खात्री केली. घाईत लोक नेमकं हेच विसरतात, आणि दणका जबर असतो.

झाकण काढताच सगळं दिसलं. बाहेरच्या फॅनचं चाक शाफ्टवर सरकून एका बाजूला गेलं होतं आणि भोवतालच्या आवरणाच्या पत्र्याला घासत होतं. तिथला रंग पूर्ण उडून चंद्रकोरीच्या आकाराचा लखलखीत चट्टा पडला होता, बोट फिरवलं तर कडा धारदार लागली. चाक शाफ्टवर आवळून धरणारा ग्रब स्क्रू ढिला होता. चाक नुसतं जागेवर सरकवून स्क्रू आवळला असता तर आवाज थोडे दिवस गेला असता, पण शाफ्ट वरखाली हलवून पाहिला तर स्पष्ट ढिलाई जाणवली. बुश झिजले होते. मोटर बदलणंच योग्य होतं. त्याच आरपीएमची, त्याच दिशेने फिरणारी मोटर आधीच आणून ठेवली होती, आणि तिच्याबरोबर नवा कपॅसिटरही. जुना १० मायक्रोफॅरडचा होता, मीटरवर ७ सुद्धा दाखवेना. अशा कपॅसिटरवर मोटर गुणगुणते, तापते आणि बुश आणखी लवकर खाते.

चाकाच्या पात्यांवर रस्त्याची धूळ थर धरून बसली होती. हा कप्पा रस्त्याच्या इतक्या जवळ, की दुसरं काय होणार. ती मऊ ब्रशने काढली. एका पात्यावर पत्र्याची बारीक क्लिप असते, ती कचरा समजून काढू नये. ती तोल साधायला लावलेली असते, ती गेली की चाक थरथरतं. मोटरच्या पायाखालचे रबर दगडासारखे झाले होते, तेही बदलले. फळ्यांचा हादरा तिथूनच वर चढत होता.

पण माझ्या लेखी आजची सर्वांत मोठी गोष्ट वेगळीच. त्या थरथरीने गॅसची तांब्याची एक नळी पत्र्याच्या कडेला लागत होती. तिथे तांबं नखाएवढं घासून चकाकत होतं, बाकी नळी काळसर. अजून भोक नव्हतं. आवाजाकडे दुर्लक्ष करून आणखी एक उन्हाळा काढला असता तर भोक पडलं असतं, आर-२२ उडून गेला असता, आणि मग दादाचं म्हणणं आपोआप खरं ठरलं असतं. नळी अलगद बाजूला घेतली, रबरी नळीचा तुकडा चिरून तिच्यावर चढवला आणि बांधला.

युनिट परत चढवून बाहेरच्या विजेच्या ५० अँपिअरच्या जोडणीवर चालवलं, म्हणजे दोन्ही कॉम्प्रेसर एकत्र तपासता येतील. ३० अँपिअरवर आमच्या गाडीची वीजव्यवस्था दुसऱ्याला थांबवून ठेवते. पहिला लागला, काही वेळाने दुसरा. वर पलंगावर हात ठेवला, फळ्या स्थिर होत्या.

रिटर्न एअरच्या, म्हणजे खोलीतली हवा एसीत परत जाते त्या, जाळीमागची फोमची पट्टी मात्र भुगा झाली आहे, तिथून कप्प्यातली गरम हवा आत ओढली जाते. ती या आठवड्यात लावायची. दादा म्हणतो, लावशील तेव्हा मला बोलव, आणि आधी कंडेन्सरच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या, वाकलेल्या फिन (पातळ पत्र्या) सरळ करून घेऊ.