मशागत आणि राखण : कोल्हापूर ते शिरोळ

कोल्हापूरला जायचं तर सप्टेंबर सरता सरता जावं. पाऊस ओसरलेला असतो, ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो. बऱ्याच चर्चमध्ये १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हे दिवस सृष्टीसाठी प्रार्थना करण्याचे. ऑर्थोडॉक्स चर्चचे कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क (प्रमुख धर्मगुरू) दिमित्रिओस यांनी १९८९ साली १ सप्टेंबर हा त्या प्रार्थनेचा दिवस ठरवला. ४ ऑक्टोबरला असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण.

मी स्टेशनवरून सुरुवात केली. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ साली या गावात आले. त्यांच्या नावाचं चर्च आजही आहे. मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात माणसाला एदेन बागेत ठेवलं ते ‘मशागत व राखण’ करायला. कोल्हापूरकराला पहिला शब्द समजावून सांगावा लागत नाही. दुसऱ्याचंच अवघड आहे.

राखण चर्चच्या छपरापासून सुरू करता येते. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. शहरात वर्षाला साधारण १००० मिलिमीटर पडतो. १०० चौरस मीटरच्या उतरत्या छपरावरून गळती-उडती वजा जाता ८० हजार लिटर सहज हाती येतं. पन्हळीतून उभ्या पायपात, तिथून गाळणीत (खाली गोटे, मग खडी, जाळी, वर वाळू) आणि मग विहिरीत किंवा बोअरला. मात्र पहिल्या पावसाचं निदान १०० लिटर पाणी बाहेर काढून द्यायचं. त्यात पारव्यांची विष्ठा, पाचोळा, धूळ सगळं असतं. त्यासाठी टोपण लावलेला वेगळा पाईप ठेवतात. घोटाळा इथेच होतो : पाऊस थांबल्यावर टोपण उघडून तो पाईप रिकामा करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही, पुढच्या सरीची घाण थेट गाळणीत जाते आणि वाळूवर साय धरते. मग ‘ही योजना काही चालत नाही’ असा ठराव होतो. वाळूचा वरचा चार बोटांचा थर दर मे महिन्यात बदलला तर चालते.

प्रीतिभोजनाचं, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक जेवणाचं, तर विचारूच नका. तांबडा-पांढरा वाढायला थर्माकोलच्या वाट्या कशाला? स्टीलची ताटं-वाट्या एकदा घेतल्या की पिढीभर पुरतात. वेदीवरची फुलं खतात घालण्याआधी गुच्छाची तार, रिबीन आणि खालचा हिरवा स्पंज काढा. तो स्पंज कुजत नाही, नुसता चुरा होऊन मातीत राहतो.

पंचगंगेच्या घाटावर थोडं थांबून एसटीने शिरोळ तालुक्याकडे निघालो. दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. तोडणीनंतर पाचट (उसाचा वाळलेला पाला) पेटवलं की रान एका रात्रीत मोकळं होतं, पण जमिनीला मिळणारं खत धूर होऊन जातं. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं. खोडव्यात (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकात) ते सरीत, म्हणजे ओळींमधल्या चरीत, दाबायचं, बुडखे जमिनीलगत छाटायचे, आणि टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकून पाणी द्यायचं. युरिया टाळला तर कुजवणारे जिवाणू मातीतलाच नत्र उचलतात, खोडवा पिवळा पडतो आणि दोष पाचटाला लागतो.

बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या २५व्या अध्यायात सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यायला सांगितलं आहे. सोसायटीचं कर्ज डोक्यावर असलेल्याला अख्खं वर्ष रान पडीक ठेव म्हणणं सोपं नाही, ते मी म्हणणारही नाही. खोडवा मोडल्यावर दोन महिने तरी देता येतात. हिरवळीच्या खतासाठी एकरी २० ते २५ किलो ताग पेरायचा आणि ४५ ते ५० दिवसांत, फुलोऱ्याच्या तोंडाशी गाडायचा. उशीर झाला की देठ चिवट होतात, लवकर कुजत नाहीत.

शिरोळकडे रानात मधेच पांढरे पट्टे दिसतात. बोटाने खरवडलं की मिठासारखा पापुद्रा निघतो. पाटाचं पाणी वर्षानुवर्षं जास्त दिलं, जमिनीखालची पाणीपातळी वर आली, पाणी उडून गेलं आणि क्षार वर राहिले. वर चांगलं पाणी ओतून ते धुवायला गेलं तर पातळी आणखी वर येते. उपाय म्हणजे मीटरभर खोल छिद्रांचे पाईप पुरून साचलेलं पाणी चरापर्यंत काढणं. पण एकट्याने आपल्या एकरात पाईप घालून भागत नाही, कारण उतार शेजाऱ्याच्या रानातून जातो. ‘शेजाऱ्यावर प्रीती कर’ ही आज्ञा दर रविवारी कानावर पडणाऱ्या गावातसुद्धा बांधावरचं बोलणं इथेच अडतं : पाईप कुणाच्या बांधाखालून न्यायचा, आणि तुंबला तर उकरायचा कुणी.