तुम्ही विचारलंत म्हणून: बुथिडाँगची माणसं मूळची कुठली?

दुसऱ्या महायुद्धातल्या आराकान (आजच्या म्यानमारचा पश्चिम किनारा) आघाडीवर मी अधूनमधून व्याख्यान देतो. नकाशात बुथिडाँगवर बोट ठेवलं की हमखास कुणीतरी विचारतं, "ते रोहिंग्यांचं, म्हणजे तिथल्या मुसलमानांचं गाव ना? मग ते लोक मूळचे बांगलादेशचेच ना?" याचं उत्तर हो-नाहीत देता येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नकाशा. म्यानमारचा राखाइन प्रांत म्हणजे जुनं आराकान. त्याच्या वायव्य टोकाला नाफ नदी, पलीकडे बांगलादेश, अलीकडे माँगडॉ. तिथून पूर्वेला मायूचे डोंगर ओलांडले की मायू नदी लागते, आणि तिच्या पश्चिम काठावर बुथिडाँग. नदी पुढे रथेडाँगवरून सित्वेजवळ समुद्राला मिळते. माँगडॉ ते बुथिडाँग अंतर जेमतेम २५ किलोमीटर, पण मध्ये डोंगर. इंग्रजांच्या काळात तिथे दोन बोगदे खोदून अडीच फुटी रुळांची रेल्वे टाकली, आपल्या माथेरानच्या गाडीच्या जातीची. ती काही चालली नाही. रूळ गेले, तिथे रस्ता झाला, बोगदे राहिले. ज्याला उत्तर आराकान हवं, त्याला हा रस्ता आणि ही नदी हातात ठेवावीच लागते. गावाचं दुर्दैव इथेच सुरू होतं.

१९४२ मध्ये जपान्यांपुढे इंग्रज मागे हटले आणि मुसलमान आणि राखाइन बौद्ध एकमेकांवर तुटून पडले. मुसलमान उत्तरेला पळाले, बौद्ध दक्षिणेला. आज दिसणारी वस्तीची विभागणी बरीचशी तेव्हा पक्की झाली. जपान्यांनी बोगद्यांत ठाण मांडलं. मार्च १९४४ मध्ये याच रस्त्यावरच्या लढाईत शीख रेजिमेंटच्या नायक नंद सिंगांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. याच आघाडीवर पुढे दक्षिणेला, कांगॉच्या लढाईत, कोल्हापूरचे शंकरराव थोरात होते. व्याख्यानात टाळ्या इथे पडतात. गावकऱ्यांची घरं कितीदा जळली, ते कुणी विचारत नाही.

आता मूळचे कुठले? आराकानचं राज्य १७८४-८५ मध्ये ब्रह्मी राजा बोदौपया याने जिंकलं. रत्नागिरीत कैदेत वारला तो थिबा याच घराण्यातला. १८२६ मध्ये आराकान इंग्रजांकडे गेलं. मग चितगावकडून भातशेतीसाठी मजूर आले, हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. पण १७९९ मध्ये, म्हणजे इंग्रज यायच्या आधी, फ्रान्सिस बुकॅनन या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टरने आराकानात दीर्घकाळ राहणारे मुसलमान स्वतःला 'रूइंगा' म्हणवतात, असं लिहून ठेवलंय. जुने आहेत, नंतर आलेलेही आहेत, आणि दीड-दोनशे वर्षांत ते एकमेकांत मिसळून गेलेत. म्यानमारच्या १९८२ च्या कायद्याने मात्र १८२३ पूर्वीपासून असलेल्या जमातीच मूळच्या मानल्या आणि सरकारी यादीत रोहिंग्यांना जागाच दिली नाही. १८२३ म्हणजे पेशवाई बुडून पाच वर्षं. त्या सालचा रहिवासी पुरावा आणा म्हटलं, तर पुण्यात किती घरांत निघेल?

१९७८, १९९१-९२, २०१७: दर वेळी रोहिंग्या नाफ ओलांडून पळाले. २०१७ मध्ये आराकान रोहिंग्या साल्व्हेशन आर्मी या रोहिंग्यांच्या सशस्त्र गटाने पोलीस चौक्यांवर हल्ले केले. त्यावर लष्कराने जे केलं, त्यात सात लाखांहून अधिक माणसं देशाबाहेर गेली. बुथिडाँग गाव तेव्हा बऱ्यापैकी टिकून राहिलं.

ते जळलं २०२४ मध्ये, आणि हा भाग नीट समजून घ्या, कारण 'बौद्ध विरुद्ध मुसलमान' एवढ्यात तो बसत नाही. राखाइन बौद्धांची आराकान आर्मी ही सशस्त्र संघटना म्यानमारच्या लष्कराशी लढत होती. लष्कराला माणसं कमी पडली, तेव्हा ज्यांना नागरिक मानत नव्हते त्याच रोहिंग्यांना जबरदस्तीने भरती केलं. एप्रिलमध्ये गावातली राखाइनांची घरं पेटली. मग १७ मेच्या रात्री रोहिंग्यांची. हजारो लोक बाहेर पडले. आराकान आर्मी म्हणते, लष्कराच्या विमानांनी बॉम्ब टाकले. वाचलेले लोक आराकान आर्मीकडे बोट दाखवतात, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने नोंदवलं की जाळपोळ झाली ती लष्कर निघून गेल्यावर. माझा कल वाचलेल्यांच्या बाजूने आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये माँगडॉही पडलं. बोगद्यांच्या रस्त्याची दोन्ही टोकं आता आराकान आर्मीच्या ताब्यात आहेत. २०२४ च्या सुरुवातीपासूनच्या दीड वर्षात आणखी सुमारे दीड लाख रोहिंग्या बांगलादेशात पोचले, आणि तिथलं सरकार त्यांना म्यानमारचे म्हणतं.