विश्वामित्री ६३ मीटर चढते तेव्हा

मागच्या आठवड्यात एका कार्यालयातून टपालाने पत्र आलं. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. प्रश्न विचारून पाच महिने झाले होते आणि काम संपून तीन. पत्रात काय होतं ते शेवटाकडे सांगते, तोवर माझा रागही जरा निवळेल.

मी सिव्हिल इंजिनिअर. बडोद्यात दांडिया बाजारात आमचं चार माणसांचं ऑफिस आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात अकोट्याकडच्या एका सोसायटीची मीटरची खोली बुडाली आणि चार दिवस सगळे अंधारात. नवी खोली बांधायची, तर जोतं किती वर घ्यायचं, एवढाच त्यांचा प्रश्न. उत्तरासाठी विश्वामित्री नदीचं मॉडेल हवं. नदीचं पाणी किती चढेल ते काढणारं, अमेरिकी लष्कराच्या इंजिनिअरांचं हेक-रास फुकट मिळतं, नकाशांसाठी क्यूजीआयएस तेही फुकट. म्हटलं, तीन आठवड्यांचं काम.

जमिनीचे चढउतार आधी इस्रोच्या भुवन पोर्टलवरून घेतले. कार्टोसॅट उपग्रहाच्या त्या डेटात बडोदं चक्क उणे आकड्यांत दिसलं, समुद्राच्या खाली. घाबरू नका. त्या उंच्या समुद्रसपाटीपासून नसून पृथ्वीच्या गणिती गोळ्यापासून, म्हणजे इलिप्सॉइडपासून मोजलेल्या असतात, आणि आपल्या भागात समुद्रसपाटी त्या गोळ्याच्या पन्नासेक मीटर खाली आहे. डीजीपीएसवाल्याने, म्हणजे नेमक्या जीपीएसने मोजणाऱ्याने, कच्चे आकडे दिले तर तिथेही हेच होतं. मी युरोपच्या कोपर्निकसचा ३० मीटरच्या चौकटींचा डेटा घेतला. तो ईजीएम २००८ जिऑइडवर, म्हणजे समुद्रसपाटीच्या बऱ्यापैकी जवळ. मग तो आपल्या भागाच्या मीटरमधल्या नकाशा-पद्धतीत, यूटीएम ४३ मध्ये (ईपीएसजी ३२६४३) बदलून घेतला. संध्याकाळी चहाच्या आत झालं.

पण ३० मीटरच्या चौकटीत विश्वामित्रीचं पात्र म्हणजे जेमतेम एक-दोन चौकटी. त्यातून उपग्रहाला दिसतं ते पाणी, झाडं आणि पूल. तळ दिसत नाही. तळासाठी प्रत्यक्ष सर्व्हेचे क्रॉस सेक्शन, म्हणजे पात्राचे आडवे छेद, लागतात आणि ते एका कार्यालयात होते.

पहिल्या फेरीत कळलं की अर्ज लागतो. दुसऱ्या फेरीत, लेटरहेडवर लागतो. तिसऱ्या फेरीत आवक क्रमांक मिळाला आणि मी मूर्खासारखी खूश झाले. मग दोन आठवडे "साहेब मीटिंगमां छे, बेन, सोमवारे आवजो ने." सोमवारी गेले तर पीडीएफ मिळाली. स्कॅन केलेली, तीही तिरकी. आकडे वाचता येत होते, पण सेक्शनची रेघ नकाशावर नक्की कुठे आहे ते कळायला ऑटोकॅडची फाइल हवी. "सीएडी फाइल बहार नथी आपता." मग वेगळा अर्ज, 'अन्य कामासाठी वापरणार नाही' असं हमीपत्र, आणि शेवटी फाइल मिळाली ती सीडीवर. सीडी! आमच्या ऑफिसात सीडी वाचणारं एकही यंत्र नाही. रावपुऱ्यातल्या झेरॉक्सवाल्याकडे एक जुना डेस्कटॉप आहे, त्याने वीस रुपयांत पेनड्राइव्हवर काढून दिली.

हेक-रासमध्ये नदीची रेघ उगमाकडून मुखाकडे काढायची आणि सेक्शनची रेघ प्रवाहाच्या दिशेला तोंड करून डावीकडून उजवीकडे. उलटी काढली तर डावा काठ उजवा होतो आणि प्रोग्राम शहाण्यासारखा गप्प बसतो. एका सेक्शनमध्ये ५०० पेक्षा जास्त बिंदू तो घेत नाही, ते आधीच गाळून घ्या. क्यूजीआयएसमध्ये लेयरचा 'सीआरएस' (नकाशा कोणत्या पद्धतीत आहे ते) 'सेट करणं' म्हणजे नुसती पाटी बदलणं. नकाशा खरंच हलवायचा असेल तर 'रीप्रोजेक्ट' करावं लागतं. हे मला ठाऊक होतं, तरी एका रात्री चुकलेच आणि नदी गायब झाली.

मॉडेल चालवलं. नदीचा लांबीचा छेद उघडला, तर अर्ध्या वाटेवर विश्वामित्रीचा तळ एकदम ६३ मीटर वर चढलेला. नदी पावागडातून निघते हे शाळेत शिकवतात. ती बडोद्यात आणखी एक धाकटा पावागड चढून जाते, हे मला नवीन होतं. मॉडेलने मात्र इमानेइतबारे त्या भिंतीच्या मागे साठ मीटरचं तळं भरलं. तसं झालं असतं तर सूरसागरातला उभा महादेवही बुडाला असता.

कारण लगेच कळलं. सर्व्हे दोन तुकड्यांत झालेला. वरच्या तुकडीच्या उंच्या २६, २९, ३४ अशा, म्हणजे समुद्रसपाटीपासूनच्या. खालच्या तुकडीत ८९, ९३, ९८. त्या सर्व्हेवाल्यांनी जवळच्या एखाद्या पक्क्या खुणेला, बेंचमार्कला, १००.००० मीटर मानून तिथून मोजलेलं. आपल्याकडे ही सर्रास पद्धत आहे आणि त्यात गैर काही नाही, फक्त ती खूण कुठली आणि तिची खरी उंची किती हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं. पीडीएफमध्ये ते कुठेही नव्हतं.

अंदाजाने ६३ वजा का केले नाहीत? कारण दोन तुकड्यांमधले शेवटचे सेक्शन एकमेकांपासून दोनशे मीटर दूर. तेवढ्या अंतरात तळ किती उतरला कोण जाणे. अर्ध्या मीटरची चूक सहज झाली असती आणि सोसायटी पैसे देत होती ते त्या अर्ध्या मीटरसाठीच.

म्हणून पुन्हा अर्ज: 'दुसऱ्या भागातील पातळ्या कोणत्या बेंचमार्कवरून?' आवक क्रमांक. सोमवार. मग "आ तो सर्वेवाळाने पूछवुं पडे." सर्व्हेवाल्याचं कंत्राट संपलेलं. मग "तमे ज फाइलमां जोई लो ने, बेन." मी म्हटलं, भाई, फाइलीत असतं तर मी इथे कशाला आले असते? जरा चढ्या आवाजातच म्हटलं. सहा आठवडे असे गेले.

त्यात आईने एक दिवस व्हॉट्सअॅपवरचा आकडा वाचून दाखवला. "अगं, आजव्याला २११ फूट आणि काळाघोड्याला १४ फूट. २११ फूट पाणी धरून ठेवलंय वर, आणि तू मीटरच्या खोलीचं काय घेऊन बसलीस?" तिला सांगितलं की आजवा तलावाचे फूट समुद्रसपाटीपासूनचे, त्याची खोली नव्हे, आणि काळाघोड्याचे विश्वामित्रीवरच्या पुलाजवळच्या पट्टीवरचे. त्या पट्टीवर २६ फूट ही धोक्याची खूण, पण तिचं शून्य वेगळं. आई म्हणाली, "मग सगळ्यांनी एकाच शून्यापासून मोजायला काय होतं?" याचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं.

शेवटी सापडलं ते आमच्या ऑफिसातल्या मुलाला, जेवणाच्या सुट्टीत. ऑटोकॅडच्या फाइलीत एक लेयर गोठवून ठेवलेला होता, फ्रीझ केलेला. त्याने सगळे लेयर एकदम उघडले, तर पुलाच्या अबटमेंटपाशी, म्हणजे काठावरच्या टेकूपाशी, बारीक अक्षरांत ओळ होती: टीबीएम १००.०००, जीटीएस ३६.४१५. म्हणजे १०० मानलेली ती तात्पुरती खूण समुद्रसपाटीपासून खरी ३६.४१५ मीटरवर. फरक ६३.५८५. सहा आठवडे उत्तर माझ्याच पेनड्राइव्हवर होतं. म्हणजे "फाइलमां जोई लो" म्हणणारा भाई बरोबर होता, हे कबूल करायला मला आणखी दोन दिवस लागले. तेव्हा पहिली गोष्ट ही करा: कॅडची फाइल आली की सगळे लेयर उघडा, मगच कुणाला विचारायला जा.

तरी एका ओळीवर विश्वास ठेवला नाही. लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, घेऊन आम्ही दोघे गेलो आणि वरच्या तुकडीच्या खुणेपासून पुलापर्यंत मोजत आलो. काठाजवळ एक मगर ऊन खात पडली होती, तिथे मोजणी जरा लवकर आटोपली. तीन सेंटिमीटरचा फरक आला, चालण्यासारखा. मग कोपर्निकसच्या उंच्याही त्याच खुणांशी ताडून घेतल्या, पात्राबाहेर पूर कुठवर पसरतो ते काढायला तो डेटा लागणार होता.

आणखी एक आठवलं. शेपफाइल या नकाशाच्या फाइलीसोबत प्रक्षेपणाची माहिती देणारी जी पीआरजे फाइल असते, नेमकं तेच नावामागचं शेपूट हेक-रासच्या प्रोजेक्ट फाइललाही असतं. दोघांना 'विश्वामित्री' नाव देऊन एकाच फोल्डरात ठेवलंत की एक दुसरीला गिळते. माझी प्रोजेक्ट फाइल गिळली गेली, तीही रात्री अकराला. नकाशे एका फोल्डरात, मॉडेल दुसऱ्यात.

नंतरचं सरळ झालं. सोसायटीच्या भिंतीवर २०२४ च्या पाण्याची रेघ अजून दिसते, मॉडेलचं पाणी तिच्या हातभर खाली-वर येईपर्यंत पात्राच्या खरबरीतपणाचे आकडे बदलले, पाणी कुठे किती खोल त्याचा चौकटींचा नकाशा (रास्टर) क्यूजीआयएसमध्ये परत आणला, नकाशा छापला.

आणि ते पत्र. आवक क्रमांक, संदर्भ, विषय, दोन सह्या, आणि मजकूर एका ओळीचा: मागितलेली माहिती नकाशात दर्शविल्याप्रमाणे आहे.

सोसायटीच्या सेक्रेटरींना मी अहवाल दिला तेव्हा त्यात सगळं समुद्रसपाटीपासून लिहिलं होतं, तीन दशांशांपर्यंत. त्यांनी चष्मा वर केला. "बेन, ए बधुं बराबर, पण कडियाने शुं कहुं?" कडिया म्हणजे गवंडी. मग जुन्या मीटरखोलीत गेलो, टेप लावला आणि खडूने भिंतीवर लिहिलं: १.६० मीटर, या फरशीपासून. 'या फरशीपासून'च्या खाली दोन रेघा मारल्या.