खाणीची जनसुनावणी उधळून लावण्याआधी

खाणीची जनसुनावणी, म्हणजे पर्यावरण मंजुरीआधी गावकऱ्यांचं म्हणणं ऐकण्याची बैठक, जाहीर झाली की गावात आधी बहिष्काराची, नाहीतर मंडप उधळायची भाषा सुरू होते. राग रास्त आहे, पण दोन्ही मार्ग गावाच्याच अंगलट येतात. सुनावणीला गणपूर्तीची अट नाही; दहा माणसं आली तरी ती ग्राह्य धरली जाते. आणि स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणी बोलता येणार नाही, असा अहवाल प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिला, तर सुनावणी वगळूनच पुढे जायची मुभा 14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत आहे.

नोटिशीपासून किमान 30 दिवस मिळतात. नोटीस एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक दैनिकात येते. ते प्रादेशिक दैनिक कन्नड असलं तर कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी घरांत ती पोचतच नाही, म्हणून पंचायतीत पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) चौकशी चालू ठेवा. खाणीच्या पर्यावरण आघात मूल्यांकन अहवालाचा सारांश इंग्रजीत आणि राज्यभाषेत किंवा स्थानिक भाषेत असावा, असं अधिसूचना म्हणते. एवढ्यावरून मराठी सारांश बंधनकारक ठरत नाही, पण मागायला आधार मिळतो. मागणी पहिल्याच आठवड्यात जिल्हाधिकारी आणि मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे लेखी द्या, पोच घ्या. निवेदन मराठीतून देताना संविधानाच्या कलम 350 चा उल्लेख करा.

अहवालात सगळ्यात आधी पाण्याचं प्रकरण उघडा. इथलं बॉक्साइट जांभ्याच्या पठारांवर सापडतं. सच्छिद्र जांभ्यातून पावसाचं पाणी मुरतं, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतं आणि पठाराच्या कडेला झऱ्यांतून बाहेर पडतं. वरचा थर खरवडला की ही साठवणच जाते. आता मोजणी कुठल्या महिन्यांत झाली ते पाहा. पावसाळा सोडून एकाच हंगामाची आकडेवारी बऱ्याचदा दिलेली असते. मार्च ते मेमध्ये मोजलं असेल, तर दिवाळीपर्यंत वाहणारा झरा कागदावर येतच नाही. माझ्या मते अहवालातली सर्वात मोठी फट हीच.

‘खाणीमुळे आमचं पाणी जाईल’ एवढंच लिहिलं, तर ‘योग्य उपाययोजना करू’ असं उत्तर येतं आणि विषय मिटतो. त्यापेक्षा असं लिहा: ‘सर्व्हे नंबर अमुकमधला झरा खाणपट्ट्याच्या हद्दीपासून 400 मीटरवर आहे. गावाची नळयोजना त्यावर चालते. अहवालातल्या जलस्रोतांच्या यादीत तो नाही. पावसाळ्यानंतरची मोजणी का केली नाही?’ सोबत उतारा, झऱ्याचा तारीख दिसणारा फोटो आणि ग्रामसभेचा ठराव जोडा. अशा प्रश्नाला अर्जदाराला, म्हणजे खाण मागणाऱ्याला, नेमकं उत्तर द्यावं लागतं. प्रत्यक्ष येऊ न शकणाऱ्यांनाही लेखी हरकत पाठवता येते. सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातल्या गावांनीही पाण्याचा संबंध दाखवून ती पाठवावी. बॉक्साइटसारख्या प्रमुख खनिजाचा पट्टा राज्याच्या सीमेपासून 5 किलोमीटरच्या आत असेल, तर प्रस्ताव सर्वसाधारणपणे बेंगळुरूच्या राज्य प्राधिकरणाऐवजी केंद्राकडे जातो. म्हणून नकाशावरचं ते अंतर स्वतः मोजा.

सुनावणीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचे अधिकारी असतात. सगळ्या कामकाजाचं चित्रीकरण सक्तीचं आहे. शेवटी इतिवृत्ताचा सारांश स्थानिक भाषेत वाचून, समजावून सांगावा लागतो. नेमकी तेव्हाच माणसं घरी निघालेली असतात. कृपा करून थांबा. आपला मुद्दा सुटला असेल तर तिथेच उभं राहून सांगा, दुरुस्ती झाल्यावरच जागा सोडा. इतिवृत्त पुढे पंचायतीतही लावतात. त्याची प्रत घ्या.

पर्यावरण मंजुरी मिळालीच, तर अर्जदाराला ती 7 दिवसांत स्थानिक वृत्तपत्रांत जाहीर करावी लागते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या चेन्नई पीठाकडे अपिलाला 30 दिवस मिळतात. सबळ कारण दाखवलं तर आणखी 60. त्यानंतर अपील दाखल होत नाही, म्हणून पोच, फोटो आणि इतिवृत्ताची फाईल वकिलाकडे पहिल्याच आठवड्यात द्या.