तुम्ही विचारलंत म्हणून: मुलं असताना लवकर निवृत्ती कशी जमवली?

दुपारी तीन वाजता घरी सापडणाऱ्या, पन्नाशीच्या आतल्या पुरुषाकडे लोक दोनच नजरांनी बघतात. एकतर याची नोकरी गेली असावी, नाहीतर याला कुठेतरी घबाड मिळालं असावं. नोकरीबद्दल तोंडावर कुणी विचारत नाही. घबाडाबद्दल मात्र आडून आडून विचारतात, आणि प्रश्न ठरलेला असतो: "दोन मुलं असून इतक्या लवकर निवृत्त कसे झालात हो? आम्हाला तर महिनाअखेर गाठता गाठता नाकी नऊ येतात."

आधी प्रश्नातली चूक दुरुस्त करतो. मी निवृत्त झालेलो नाही. 2019 मध्ये, 42 व्या वर्षी पूर्णवेळ नोकरी सोडली आणि अर्धवेळ काम धरलं. माझी कमाई निम्म्याहून खाली आली. बायकोची नोकरी चालू आहे. दोघांच्या मिळकतीत घर चालतं, आणि साठवलेल्या पैशांना आम्ही हात लावत नाही. खरीखुरी निवृत्ती 2033 च्या आसपास येईल, तेव्हा मी 56 वर्षांचा असेन. ठरवलं होतं 45.

मधली अकरा वर्षं कुठे गेली, ते सांगतो.

2005 मध्ये आमचं नुकतंच लग्न झालं होतं. दोन पगार, मूल नाही, आणि माझ्या डोक्यात एकच आकडा: 25. वर्षभराच्या खर्चाच्या 25 पट रक्कम जमली की सुटका. या आकड्यामागे विल्यम बेंगन नावाचे गृहस्थ आहेत. शिक्षण विमानशास्त्राचं, पुढे झाले आर्थिक सल्लागार. 1994 मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या शेअर आणि रोख्यांचे 1926 पासूनचे आकडे घेतले आणि वेगवेगळ्या वर्षी निवृत्त होणाऱ्या काल्पनिक माणसांचे हिशेब मांडले. पहिल्या वर्षी गंगाजळीतून अमुक टक्के काढायचे, पुढे दर वर्षी महागाईइतकी रक्कम वाढवायची. पैसे किती वर्षं पुरतात? सगळ्यात वाईट मुहूर्तावर निवृत्त झालेल्यालाही 4 टक्क्यांनी निदान 30 वर्षं पुरले. 4 टक्के उलटे केले की 25 पट.

मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटली ती त्या वाईट मुहूर्ताची. तो 1929 च्या महामंदीचा असेल असं वाटतं, पण नाही. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात निवृत्त झालेल्यांची अवस्था त्याहून बिकट झाली. आधी 1973-74 ची मोठी घसरण, आणि सोबत वर्षानुवर्षं हटायला तयार नसलेली महागाई. थेंबे थेंबे तळे साचे हे आपण शिकलो, पण त्या तळ्याचं बाष्पीभवन होतं हे कुणी शिकवलं नाही. 6 टक्के महागाईत पैशाची किंमत 12 वर्षांत निम्मी होते.

शिवाय बेंगन यांचा हिशेब 30 वर्षांचा. मी 45 व्या वर्षी थांबणार म्हणजे 45 वर्षं पुरायला हवेत. म्हणून आम्ही 25 च्या जागी 30 पट धरली. इथेच पहिली काही वर्षं गेली.

बचतीचं गणित मात्र कोणत्याही पगाराला तेच लागू पडतं. महागाई वजा जाता 5 टक्के परतावा धरा. मिळकतीच्या 10 टक्के बाजूला टाकलेत तर खर्चाच्या 25 पट जमायला 51 वर्षं लागतात. 25 टक्के टाकलेत तर 32, आणि निम्मी मिळकत वाचवलीत तर 17 च्या आत. बचत दोन्हीकडून काम करते: गंगाजळी भरते, आणि कमी खर्चात जगायची सवय लागल्यामुळे लागणारी गंगाजळीही लहान होते. आम्ही निम्मी मिळकत वाचवत होतो. मला वाटायचं, आपण फार शिस्तीचे आहोत.

2006 मध्ये मुलगी झाली, 2011 मध्ये मुलगा. शिस्त वगैरे काही नव्हती, मूल नव्हतं एवढंच, हे लगेच कळलं. बचत 50 वरून 30 टक्क्यांवर आली, पुढे दोन वर्षं 20 च्या आसपास रेंगाळली, मग हळूहळू 40 पर्यंत चढली. या चढउताराची मी स्वतःला फार वर्षं लाज वाटू दिली. तशी गरज नव्हती.

त्यात 2009 च्या जानेवारीत मी घोडचूक केली. जगभरचे बाजार 2007 च्या शिखरावरून घसरत निम्म्यापर्यंत आले होते. माझ्या कंपनीत माणसं कमी करायची कुजबुज सुरू झाली होती आणि मुलगी अडीच वर्षांची होती. मी शेअरमधले जवळजवळ सगळे पैसे काढून घेतले. मार्चपासून बाजार उलटा फिरला. मी परत गेलो तो पुढच्या वर्षाच्या अखेरीस, भाव बरेच वर गेल्यावर. लोक म्हणतात, घाबरलास. खरं सांगायचं तर घाबरणं रास्तच होतं, कारण माझ्याकडे अडीनडीचा पैसा नव्हता. सगळंच गुंतवून ठेवलं होतं. नोकरी गेली असती तर विकावंच लागलं असतं, म्हणून आधीच विकलं. त्यानंतर एक वर्षाचा खर्च कायम बँकेत ठेवतो. त्या पैशावर परतावा जवळपास काही मिळत नाही. मिळते ती झोप.

कशात गुंतवलं, हा पुढचा प्रश्न ठरलेला. याचं उत्तर कंटाळवाणं आहे: बरेचसे स्वस्त इंडेक्स फंडात, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकातले शेअर जसेच्या तसे घेणाऱ्या फंडात, उरलेले रोख्यांत. जॉन बोगल यांनी 1976 मध्ये सामान्य गुंतवणूकदारांसाठी असा फंड काढला, तेव्हा लोकांनी त्याला बोगलचा मूर्खपणा म्हटलं होतं. फंडाचं शुल्क दरसाल फक्त 1 टक्का जास्त असेल आणि 5 ऐवजी 4 टक्के हातात पडत असतील, तर 25 वर्षांनी 100 चे 339 होण्याऐवजी 267 होतात. बाकी मुदत विमा आणि आरोग्य विमा दोघांचाही घ्या, फक्त जास्त कमावणाऱ्याचा नको. इथे संपलं माझं गुंतवणूकज्ञान.

मुलांमुळे गणित खरं कुठे बदलतं ते मला फार उशिरा, 2018 मध्ये दिसलं. तेही बायकोने दाखवल्यावर. मी वही काढून बसलो होतो. वर्षाचा खर्च 100 धरला तर 30 पटीने 3000 हवेत, आपण अजून फार लांब आहोत, असं चाललं होतं. तिने वही ओढून घेतली आणि विचारलं, "तू ऐंशी वर्षांचा झाल्यावरही मुलांची शाळेची फी भरणार आहेस का?"

मुलांवरचा खर्च घरातला सर्वात मोठा असतो आणि तोच तात्पुरता असतो. तात्पुरत्या खर्चाला 30 ने गुणणं म्हणजे जे कधीच लागणार नाही त्यासाठी राबणं. आम्ही दोन रात्री बसून खर्च वेगळे केले. जपून केले, कारण मुलं घराबाहेर पडली तरी घर तेवढंच मोठं राहतं आणि छप्पर तितकंच गळतं. खरोखर नाहीसा होणारा खर्च 100 पैकी 30 निघाला. म्हणजे 30 पट करायची ती 70 ची, 2100. वरचे 900 म्हणजे आमचा नऊ वर्षांचा पूर्ण घरखर्च. मुलांचा खर्च ती घरात आहेत तोवर मिळकतीतून भागवायचा, आणि कॉलेजचा पैसा वेगळा.

हे 'वेगळा' फार महत्त्वाचं. कॉलेजची तारीख पुढे ढकलता येत नाही. मुलीच्या प्रवेशाला पाच वर्षं उरली तेव्हा, म्हणजे 2019 मध्ये, तिच्या नावाचे शेअरमधले पैसे आम्ही थोडे थोडे काढून ठेवींत टाकायला लागलो. 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजार महिन्याभरात तिसऱ्या हिश्श्याने कोसळले. या वेळी मी काहीच विकलं नाही. विकायची वेळ येईल असं काही त्यात राहिलंच नव्हतं.

2019 मध्ये आमच्याकडे 1050 होते. 100 च्या मानाने साडेदहा पट, 70 च्या मानाने 15 पट. 72 ला परताव्याच्या टक्क्याने भागलं की दुप्पट व्हायची वर्षं मिळतात. 5 ने भागलं तर साडेचौदाच्या आत. त्यात एक पैसाही न टाकता 15 चे 30 व्हायला 2033 उजाडेल, आणि तेव्हा मुलगा 22 वर्षांचा असेल. परतावा कमी पडला तर दोन-चार वर्षं जास्त काम करीन. मग आणखी सात-आठ वर्षं पूर्णवेळ राबून लवकर सुटायचं, की आत्ताच अर्धं सुटायचं? मुलगा आठ वर्षांचा होता. आम्ही फार वेळ चर्चा केली नाही.

एवढी घाई का झाली, तेही सांगायला हवं. 2015 मध्ये मुलगी नऊ वर्षांची असताना तिच्या शाळेची चार दिवसांची सहल निघाली होती. मी नाही म्हटलं. पैसे होते. त्या महिन्याचा गुंतवणुकीचा आकडा चुकला असता, एवढंच. रात्री तिने आईला विचारलं, "आपण गरीब आहोत का?" मी पलीकडच्या खोलीत वही भरत होतो, मला ते ऐकू आलं. तरी माझं घड्याळ बदलायला आणखी चार वर्षं गेली, आणि तोवर तिच्या खोलीचं दार बंद राहायला लागलं होतं. माझ्या मोकळ्या दुपारी मुलाच्या वाट्याला आल्या. तिच्या वाट्याला वही आली.

ती आता कॉलेजात आहे. गेल्या सुट्टीत मी तिला चक्रवाढ समजावून सांगत होतो. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, त्या सहलीचे पैसे आत्तापर्यंत किती झाले असतील?"

मी हिशेब केला. दहा वर्षं, 5 टक्के.

"100 चे 163."

"बस, एवढेच?" ती म्हणाली.