चातुर्मासातल्या सुपाऱ्या : आमच्या स्टुडिओची वाटचाल

लग्नाचे फोटो काढणाऱ्याचं वर्ष तुळशीच्या लग्नाला सुरू होतं आणि आषाढी एकादशीला संपतं. मधले चार महिने देव झोपलेले, मुहूर्त बंद, आणि दुकानाचं भाडं तेवढं जागं. अलीकडे पंचांगात गौण काळातले मुहूर्तही छापतात, त्यामुळे श्रावणात एखाददुसरं लग्न निघतं. पण त्यावर दोन माणसांचे पगार निघत नाहीत. आमचा स्टुडिओ 2009 साली पुण्याच्या नारायण पेठेत पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत सुरू झाला, तेव्हापासून कितीतरी वर्षं जुलै ते ऑक्टोबर ही पानं आमच्या वहीत जवळजवळ कोरीच राहायची. पासपोर्ट फोटो, शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो, जुन्या फोटोंवरची दुरुस्ती, एवढंच काय ते.

त्याआधी मी लक्ष्मी रोडच्या मागे एका कलर लॅबमध्ये नोकरीला होते. रीळ धुणं, प्रिंट काढणं, पाकिटात भरून वर नाव लिहिणं. डिजिटल आलं आणि बघता बघता लॅब बसली. मशीन भंगारात गेलं तेव्हा मालकांनी मला दोन स्टँड आणि एक छत्रीचा लाइट दिला, पगाराच्या राहिलेल्या बाकीपोटी. माझा चुलतभाऊ तेव्हा एका लग्नवाल्या फोटोग्राफरकडे लाइट धरायचा. त्याला कॅमेरा येत होता, मला गिऱ्हाईक आणि प्रिंट कळत होतं. मग धंदा सुरू केला. पुढची काही वर्षं सगळ्यांची जातात तशीच गेली : करिश्मा अल्बम, कँडिड, मग प्री-वेडिंग, मग ड्रोन. त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही.

लिहिण्यासारखं आहे ते बँडवाल्यांबद्दल.

एका जूनमध्ये पेठेतल्याच एका बँडचे मास्तर जिना चढून वर आले. हातात त्यांच्या बँडचा जुना ग्रुप फोटो. शाळेच्या फोटोसारख्या तीन रांगा, वाद्यं मांडीवर, निम्म्यांचे डोळे मिटलेले. म्हणाले, "ताई, हल्ली पार्टी दुकानात येतच नाही. फोनवर म्हणते, आधी फोटो पाठवा. हा पाठवला की परत फोन येत नाही." त्यांना वाजवताना काढलेले फोटो हवे होते, कार्डावर, फ्लेक्सवर आणि व्हॉट्सॲपवर चालतील असे. मी म्हटलं, लग्नसराईत काढू. ते म्हणाले, लग्नसराईत पोरं घामाघूम असतात, वरात म्हणजे अंधार आणि जनरेटरचा लाइट. "गणपतीत या की. तुम्हाला तरी तेव्हा काय काम असतंय?"

बोचलं, पण खरं होतं. बँडवाले आणि फोटोवाले एकाच पंचांगावर जगतात. मुहूर्त नाही तर दोघंही रिकामे. फरक एवढाच, की त्यांच्या चातुर्मासात मधोमध गणपती बसतो आणि आमच्यात बसत नव्हता. गणपतीचे फोटो काढणारे पुण्यात हजारो आहेत. वर्तमानपत्रवाले, कॅमेऱ्याच्या क्लबवाले, परदेशी पाहुणे, आणि आता तर प्रत्येक फोनवाला. सगळ्यांचा कॅमेरा मूर्तीकडे, नाहीतर ढोलावरच्या उडत्या गुलालाकडे. वाजवणाऱ्याला त्याचा स्वतःचा फोटो नेऊन देणारा मात्र कोणी नव्हता. धंदा तिथे होता, हे मला लॅबमध्ये पाकिटावर नावं लिहून कळलेलं. माणूस पैसे देतो ते स्वतःच्या चेहऱ्याचे.

2020 आणि 2021 ही दोन वर्षं विसर्जन मिरवणूक निघालीच नाही. लग्नाला पन्नास माणसांची परवानगी, त्यात बँड कुठून घेणार? आमच्या ओळखीच्या बँडमधला एक क्लॅरोनेटवाला भाजीची गाडी लावत होता, दोघं गावी शेतावर गेले. आमचीही गत तीच होती. चुलतभावाने त्या काळात ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी चपलांचे फोटो काढले. म्हणून करोनानंतरच्या एका अनंत चतुर्दशीचं सविस्तर सांगते. आमच्या कामाची रीत त्या दिवशी बसली.

सकाळी सातला बँडच्या दुकानात पोचलो. भाद्रपद निम्मा सरलेला, आभाळ रात्रीपासून भरलेलं. आत इस्त्री चालू, लाल कोटांच्या खांद्यांवरच्या सोनेरी झालरी विंचरणं चालू. ट्रंपेटच्या पिस्टनला तेल घालून ती तीन बोटं खटाखट दाबून बघत होते. क्लॅरोनेटवाले मात्र काळजीत. पितळी वाद्याला पाण्याचं फार काही नसतं. क्लॅरोनेट आणि सॅक्सोफोनच्या भोकांवरच्या गाद्या ओल्या झाल्या की फुगतात, नीट बसत नाहीत, आणि सूर निसटतो. एकाने शर्टाच्या आत उपरणं गुंडाळून क्लॅरोनेटसाठी कोरडी जागा केलेली. मोठ्या ढोलावर बँडचं नाव रंगवलेलं असतं, त्याला मास्तर स्वतः पारदर्शक प्लास्टिक ताणून बांधत होते. काळं प्लास्टिक स्वस्त पडलं असतं. पण नाव झाकून कसं चालेल?

मिरवणूक मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून निघते. आधी मानाचे पाच गणपती : कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. मग बेलबाग चौकातून लक्ष्मी रोडने अलका टॉकीजच्या चौकापर्यंत. अंतर पायी अर्ध्या तासाचंसुद्धा नाही. पण शेवटचा गणपती जाईपर्यंत चोवीस तास उलटलेले असतात. 2022 साली तर तीस तासांच्या वर गेली. पुण्यात बँड म्हटलं की लोक प्रभात आणि दरबार ही नावं घेतात. आमचे मास्तर त्यांच्या मानाने लहान, मागच्या एका मंडळापुढे वाजवणारे. म्हणजे नंबर येईपर्यंत गल्लीत ताटकळणं आलं. फोटोसाठी मात्र हीच वेळ सोन्याची. वादक भिंतीला टेकलेले, टोपी गुडघ्यावर, कोणी वडापाव खातोय, कोणी घरी फोन लावून वाद्याचा आवाज ऐकवतोय.

पाऊस अकराच्या सुमारास आला. रस्त्यावर रांगोळीच्या पायघड्या घातलेल्या, त्यांचे रंग दहा मिनिटांत गटाराकडे निघाले. काढणारी मुलं हताश न होता पुढच्या चौकात परत बसली, हे दृश्य मी दरवर्षी बघते आणि दरवर्षी मला त्यांचा हेवा वाटतो. आमच्या कॅमेऱ्यांना प्लास्टिकची कव्हरं, लेन्सच्या टोकाला रबर, आणि फ्लॅशच्या डोक्यावर हॉटेलच्या बाथरूममध्ये मिळते ती केसांची टोपी. त्यासारखी सोय अजून कोणत्या कंपनीने काढलेली नाही. गर्दीत छत्री धरायचा प्रश्नच नाही, कुणाच्यातरी डोळ्यात जाते.

पावसात समोरून फ्लॅश मारला की थेंब पांढरे ठिपके होऊन चेहऱ्यावर पसरतात. चुलतभावाने फ्लॅश घेतला आणि तो वादकांच्या मागे जाऊन उभा राहिला, उंच हात करून. मागून उजेड आला की तोच पाऊस चमकतो, पितळेच्या कडा उजळतात, लाल कोटावरची वाफसुद्धा दिसते. अर्थात तो फ्रेममध्ये येऊ नये म्हणून त्याला कायम कोणाच्यातरी पाठीमागे लपावं लागतं. त्या दिवशी तो जास्तकरून मोठ्या ढोलामागे होता. संध्याकाळी त्याला एका कानाने कमी ऐकू येत होतं.

फोटो कधी टिपायचा हे मात्र मास्तरांनी शिकवलं. फुंकणाऱ्याचा फोटो फुंकताना काढला तर गाल फुगलेले, मानेच्या शिरा ताठ, डोळे बंद. तो फोटो कोणी कार्डावर छापत नाही. "ओळ संपते तिथं काढा," ते म्हणाले. ओळ संपली की वादक वाद्य ओठांपासून बोटभर खाली आणतो, श्वास घेतो, आणि नकळत समोर बघतो. चेहरा मोकळा होतो. हा क्षण एक सेकंदभर असतो, आणि तो डोळ्यांनी पकडता येत नाही. चाल पाठ असावी लागते. म्हणून आता आम्ही कामाच्या आधी मास्तरांकडून त्या वर्षीच्या चालींची यादी घेतो आणि आठवडाभर स्टुडिओत त्याच लावून ठेवतो. शेजारचा शिंपी वैतागतो.

ढोल-ताशाचं गणित वेगळं. पथकांत पहिला हात, म्हणजे ठेका, संथ असतो, तेव्हा ढोलाची काठी, टिपरू, हवेत वर थांबलेलं मिळतं. हात वाढत गेले की सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या शटरलाही काही लागत नाही. मग मी उलटं करते, शटर सेकंदाच्या तिसाव्या भागावर आणते, हात धूसर होऊ देते आणि चेहरा तेवढा स्थिर मिळेल याची वाट बघते. बऱ्याचदा नाही मिळत.

कुंटे चौकात आमचा बँड थांबला तेव्हा एक गोष्ट दिसली, ती पुढे आमच्या फ्लेक्सवर आली. अंगाभोवती वेटोळं घालून खांद्यावर घेतात त्या मोठ्या बाजाचं तोंड वर, आभाळाकडे असतं. पाऊस सरळ आत. वाजवणारा साठीचा गृहस्थ. ओळ संपली, त्याने बाजा खांद्यावरून उतरवला, कमरेत वाकून उलटा केला, आणि बादलीभर म्हणावं इतकं पाणी शेजारच्या पोलिसाच्या बुटांवर ओतलं. पोलीस हसला. बाजा परत खांद्यावर, पुढची ओळ सुरू. हे दर चौकात. दुसऱ्या चौकात आम्ही आधीच जागा धरून ठेवली.

रात्री परत आल्यावरचं काम लोकांना दिसत नाही. कार्डं आधी दोन ठिकाणी उतरवायची. मग कॅमेरे कोरड्या फडक्याने पुसून, बॅटरीचं झाकण उघडं ठेवून पंख्याखाली. ओला कॅमेरा तसाच बॅगेत बंद केला की संपलं. पुण्याच्या पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक, आणि ती साफ करायला लेन्स उघडावी लागते. लेन्स आम्ही ड्राय कॅबिनेटमध्ये ठेवतो, आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांवर. ते कपाट म्हणजे स्टुडिओतलं एकमेव फर्निचर, जे हप्त्यावर घेतल्याचं मला कधी जड वाटलं नाही.

मास्तरांना आम्ही ठरल्याप्रमाणे कार्डाचा आणि फ्लेक्सचा फोटो दिला. त्याशिवाय प्रत्येक वादकाचा एकट्याचा फोटो, आठ बाय बाराचा प्रिंट, पाकिटात, वर नाव. लॅबची सवय. त्याचे पैसे लावले नव्हते. चुलतभाऊ म्हणाला, कागद फुकट येतो का? दिवाळीनंतर तो गप्प झाला. ही माणसं सीझनपुरती शहरात येतात आणि प्रिंट गावी घरात लावतात. घरात येणारा विचारतो, कोणी काढला? एकाच्या पुतण्याचं लग्न, दुसऱ्याच्या भाचीचं, मग त्यांच्या व्याह्यांचं. तुळशीच्या लग्नानंतरची आमची निम्मी कामं आता त्या पाकिटांतून येतात. मास्तरही पार्टीला सांगतात, फोटोला ह्यांना घ्या. आम्ही सांगतो, वरातीला मास्तरांना घ्या. कमिशन कोणी कोणाला देत नाही, त्यामुळे भांडणही नाही.

पुढे इतर बँड आले, सनई-चौघडेवाले आले, ढोल पथकं आली. पथकांचा सराव पावसाळाभर नदीपात्रात पत्र्याच्या आणि ताडपत्रीच्या शेडमध्ये चालतो, तिथेही जातो. पथकातली मुलं कॉलेजातली, नोकरीतली. खजिनदार रात्री बारालासुद्धा फोनवरून पैसे टाकतो. पण त्यांना रील त्याच रात्री हवी असते आणि फोटो दुसऱ्या दिवशी शिळा. बँडवाला पैसे दिवाळीनंतर देतो, दोन हप्त्यांत, पण फोटो दहा वर्षं वापरतो. मला विचाराल तर मी बँडवाल्याचं काम आधी घेते.

मंडळांची कामं आम्ही जवळजवळ सोडली. एका मंडळाने दहा दिवस राबवून घेतलं आणि पुढे वर्षभर "वर्गणी जमली की देतो" एवढंच ऐकवलं. पुढच्या गणपतीत तेच कार्यकर्ते पुन्हा तारीख विचारायला आले. तेव्हापासून निम्मे पैसे आधी, मग तो गणपती असो की नवरदेव.

आज आम्ही चौघं आहोत. संकलनाला एक मुलगी आहे, ती स्वतः पथकात ताशा वाजवते, त्यामुळे अनंत चतुर्दशीला तिची रजा ठरलेली असते आणि त्याच दिवशी आम्हाला माणूस लागतो. यावर उपाय सापडलेला नाही. पावसाळ्याची पानं आता वहीत भरलेली असतात. लग्नांइतकी नाही, पण भाडं आणि पगार सुटतात.

मास्तर दरवर्षी जूनमध्ये येतात, जिना चढून. यंदा नवे फोटो बघितले, मोजून पैसे दिले, आणि म्हणाले, "ताई, पोरांचे नवे छापा. माझा मात्र तो जुनाच ठेवा, त्यात केस काळे आहेत."