बोटीच्या इंजिनात पाणी कुठनं येतंय ते शोधताना

आमची बोट बामणोलीला असते, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठाला. वासोट्याला जाणारी मंडळी पलीकडं मेट इंदवलीला सोडायची आणि ती गड उतरली की परत आणायची, हंगामात हेच काम. मागं ४० एचपीचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरनं लावायचं इंजिन आहे, सेकंडहँड, कोकणातनं आणलेलं, म्हणजे आधी बरीच वर्षं खाऱ्या पाण्यात चाललेलं. आमचं पाणी गोडं, त्यामुळं त्या मिठाचा आम्ही कधी विचारच केला नव्हता.

एप्रिलचा महिना, धरण बरंच उतरलेलं. अशा वेळी काठाला नुसता गाळ असतो आणि बोट लावता-काढताना पंखा तो गाळ ढवळतो. त्या दिवशी परत येताना इंजिनच्या मागनं जी पाण्याची पिचकारी उडते (थंड करणारं पाणी फिरतंय याची ती खूण) ती बारीक झालेली, मला दिसलं पण बोटीत माणसं होती, म्हटलं काठाला लागू आणि बघू. पाच-सात मिनिटांत रंग जळाल्यासारखा वास आला, इंजिन आपोआप मंद झालं आणि बंद पडलं. एक जण बादलीनं वर पाणी ओतायला निघाला, त्याला आण्णांनी थांबवलं ते फार बरं झालं, तापलेल्या ॲल्युमिनियमवर गार पाणी पडलं की हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, वाकतं नाहीतर चिरतं. दुसऱ्या बोटीनं आम्हाला ओढून आणलं.

इंजिन गार झाल्यावर मी दोरी ओढायला गेलो तर ती अर्ध्यात अडकली. जोर लावणार तेवढ्यात साताऱ्याच्या मिस्त्रीमामांचा फोन लागला, ते ओरडलेच, "आरं, दोरी वढू नगंस, आधी दोन्ही प्लग काढ!" पाणी दाबलं जात नाही, सिलिंडरमध्ये पाणी असताना जोरात फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, मग लहान दुरुस्तीचं काम मोठं होतं.

प्लग काढले. वरचा तेलकट तपकिरी, जसा असतो तसा. खालचा मात्र धुतल्यासारखा स्वच्छ आणि कडेला गंजाचे बारीक ठिपके. प्लगच्या वायरी अर्थला लावून दोरी ओढली तर खालच्या भोकातनं पाण्याचा फवारा बाहेर. सगळं पाणी निघेपर्यंत फिरवलं, मग दोन्ही सिलिंडरमध्ये टू-स्ट्रोक ऑइल ओतून परत फिरवलं. हे त्याच संध्याकाळी करावं लागतं. टू-स्ट्रोकला खाली ऑइलचा साठा नसतो, पेट्रोलमधल्या ऑइलवरच क्रँकचे बेअरिंग जगतात, तिथं पाणी एक रात्र जरी राहिलं तरी गंज धरायला लागतो. आणि डिपस्टिकला दुधाळ ऑइल दिसलं की पाणी आलं, ही गाडीची खूणगाठ इथं चालत नाही.

दुसऱ्या दिवशी मामा आले. कार्बोरेटर पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते बघितलं, वरच्या सिलिंडरला ११८, खालच्याला ७४. खालच्यात चमचाभर ऑइल घालून परत बघितलं तर आकडा फारसा वाढला नाही. पिस्टनची रिंग गेलेली असती तर ऑइलनं फट भरून आकडा वर गेला असता, म्हणून संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे हेड आणि ब्लॉकच्या मधल्या पातळ पत्रीवर, जी गॅस आणि पाणी अडवते. हेड उघडलं तर खालच्या बाजूला गॅस्केट जळून फाटलेली. हेडवर सपाट पट्टी ठेवून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घातलं, ०.१५ मिमीची पाती आत गेली, मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.१० ची. मग जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून मामांनी हेड आठाच्या आकड्यात घासलं, घाई न करता, जवळजवळ दोन तास. नवीन गॅस्केट घातली, बोल्ट मधनं बाहेर आळीपाळीनं दोन टप्प्यांत टॉर्क पान्यानं आवळले.

इंपेलर, म्हणजे थंड करणारं पाणी वर ढकलणारा पंपातला रबरी पंखा, उघडला तर दोन पाती तुटलेल्या. नवीन बसवायला सोपा होता, पण मामा म्हणले, "तुकडं कुठायत ते सांग, मग बसवू." हे बरेच जण सोडून देतात. एक तुकडा पाण्याच्या नळीत सापडला, दुसरा वर थर्मोस्टॅटच्या, म्हणजे तापमानानुसार पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेच्या, तोंडाशी, आणि थर्मोस्टॅट स्वतः मिठाच्या पांढऱ्या थरानं अर्धा जाम. गाळानं पाती तोडल्या, तुकड्यांनी आणि मिठानं उरलेली वाट बंद केली, असं ते तापलं होतं.

पाण्याच्या पिंपात लावून चालवलं. पिचकारी जोरात, आवाज गोड, कॉम्प्रेशन वर ११८ खाली ११४. आम्हाला वाटलं झालं. सवयीनं मामांनी तासाभरानं खालचा प्लग काढला तर त्याच्यावर परत पाण्याचे थेंब. खरं सांगतो, माझा त्या क्षणी धीर सुटला होता, हंगामाचे दिवस वाया चालले होते आणि आण्णा गप्प बसलेले.

कॉम्प्रेशन चांगलं आहे म्हणजे आता गॅस्केट नाही, एवढं ठरलं. मग पाणी येतंय कुठनं? मोबाईलला जोडायचा बारीक कॅमेरा मी मागवलेला, तो प्लगच्या भोकातनं आत घातला. पिस्टन खाली नेला, हेडची बाजू कोरडी. पाण्याच्या जॅकेटला (सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीला) पाइप लावून हळू पाणी सोडलं आणि स्क्रीनकडं बघत बसलो. मिनिटभरात एक्झॉस्ट पोर्टच्या, म्हणजे जळका गॅस बाहेर जायच्या भोकाच्या, ओठावर एक थेंब जमला, फुगला आणि आत घरंगळला. मागोमाग दुसरा. मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, बोलले काहीच नाहीत.

या इंजिनांना ब्लॉकच्या बाजूला एक्झॉस्टची दोन झाकणं असतात, आतलं आणि बाहेरचं, आणि दोन्हींच्या मधनं थंड करणारं पाणी जातं. आतलं झाकण किंवा त्याची गॅस्केट गेली की ते पाणी एक्झॉस्टमध्ये उतरतं आणि इंजिन बंद केलं की पोर्टमधनं सिलिंडरमध्ये. चालू असताना गॅसच्या दाबानं बाहेर फेकलं जातं, म्हणून पिंपात आवाज गोड वाटत होता.

बोल्ट खाऱ्या पाण्यानं धरलेले. गॅसबत्तीनं गरम करून, तेल सोडून, थोडं पुढं थोडं मागं असं फिरवत काढले, तरी एक तुटलाच, तो ड्रिल करून काढायला साताऱ्यात एमआयडीसीतल्या लेथवर न्यावा लागला. आतल्या झाकणाच्या पत्र्याला मिठानं खाऊन आधीच खड्डे पडले होते आणि तापल्यावर पत्रा वाकून तिथंच फट झालेली. झाकण आणि दोन्ही गॅस्केट मुंबईहून कुरिअरनं यायला चार दिवस गेले.

जोडून झाल्यावर तीच परीक्षा परत, पाइप, कॅमेरा, दहा मिनिटं. पोर्ट कोरडा. मग रिकामी बोट घेऊन मी आणि आण्णा मेट इंदवलीपर्यंत जाऊन आलो, अख्खी वाट आण्णांची नजर पिचकारीवर. काठाला लागून तासभर थांबलो आणि दोन्ही प्लग काढून बोटीच्या फळीवर शेजारी शेजारी ठेवले. वरचा कुठला आणि खालचा कुठला, रंगावरनं सांगता येत नव्हतं.